सालांचा तक्ता

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल याची वाट बघत बसले तर रिटायर होईन. कशेळ्याच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे. तालुक्यात कसलाही कार्यक्रम असो, इतिवृत्त लिहायला मलाच बसवतात. पाहुणे भाषणं ठोकून, नारळ घेऊन निघून जातात आणि मी मागे राहून त्यांची वाक्यं सरळ करत बसते. या कामाचा मला अभिमान होता. तोच नडला.

मागच्या वर्षी जानेवारीत कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर तीन दिवसांची कार्यशाळा झाली. पुण्याच्या एका संस्थेने भरवली होती. आदिवासींची संस्कृती समजून घ्यायची, त्यांचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकायचा, आपल्या लोकांनी त्यांच्याशी काय केलं ते मोकळेपणाने कबूल करायचं आणि मग एकमेकांशी नातं नव्याने जोडायचं, असा बेत होता. शिक्षक, अंगणवाडीच्या बाया, ग्रामपंचायतीतले दोघे-तिघे आणि चार रिसॉर्टवाले जमले होते. मी वरून कागद आला म्हणून गेले. जाताना कुरकुरत गेले, हेही लिहून ठेवते.

संस्थेतर्फे प्राची नावाची मुलगी आली होती. तिशीची असेल. साधी, मनापासून बोलणारी. मला तिच्यावर राग काढायचा मोह होतो, पण तिची चूक नाही. पहिल्या दिवशी तिने आम्हाला उभं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली की आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती आधी कुणाची होती ते एक मिनिटभर आठवू या. मी डोळे उघडेच ठेवले होते. वर्गात राहून ती सवयच लागली आहे. पलीकडे पोहायच्या तलावाच्या कडेला एक कातकरी बाई झाडू मारत होती. आम्हाला डोळे मिटलेले बघून तिला वाटलं प्रार्थना चालू आहे. तिने झाडू खाली ठेवला आणि तीही हात जोडून उभी राहिली.

मग प्रत्येकाने आपल्या घरातली एक गोष्ट सांगायची होती. सगळे पायाच्या बोटांकडे बघत बसले. अशी शांतता मला सहन होत नाही. मी उठून सांगितलं की आमच्याकडे चिंधीचा कप गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. चिंधी म्हणजे आमच्या माळावरच्या कातकरीवाडीतली. माझ्या जन्माआधीपासून आमच्या भातात राबणारी. आई तिला वरून चहा ओतायची, आणि प्यायल्यावर ती कप स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायची. मी सात वर्षांची असताना एकदा त्या कपातून पाणी प्यायले, तर आजीने मला मारलं आणि कपही फोडला. दुसऱ्या दिवशी चिंधी स्वतःच घरून एक वाटी घेऊन आली.

सांगता सांगता मला रडू आलं. प्राचीचेही डोळे भरले. बाजूची अंगणवाडीताई माझी पाठ थोपटत राहिली. रडून झाल्यावर मला फार बरं वाटलं, अगदी हलकं, आणि दुपारी जेवताना मी श्रीखंड दोनदा घेतलं.

त्या माळाचं थोडं सांगायला हवं. चौदा घरांची वाडी. जमीन आमची, म्हणजे आजोबांची, मग वडिलांची. कातकऱ्यांनी आमच्या शेतात राबायचं आणि माळावर राहायचं, असं कुणी कधी न बोलता चालत आलेलं. वडील गेल्यावर मी हक्कसोड करून दिली. आमच्याकडे बहिणी देतातच. न देणारीला माहेर उरत नाही. त्यामुळे सातबाऱ्यावर एकट्या दादाचं नाव लागलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ राजेश. मुंबईची एक पार्टी माळ घ्यायला तयार होती, पण वाडीतल्या निलेशने घराखालची जागा वाडीच्या नावावर व्हावी म्हणून कचेरीत अर्ज केलेला. निलेश चिंधीच्या दिराचा नातू, बारावी झालेला, माथेरानला हॉटेलात वेटर आहे. कायद्यात एक साल ठरलेलं आहे. त्या साली किंवा त्याआधीपासून त्याच जागेवर राहतोय असं ठरलं तर जागा राहणाऱ्याची होते. हे सगळं मला माहीत होतं. कार्यशाळेला जाताना हे डोक्यात होतं का, असं कुणी विचारलं तर नव्हतं. आणि निलेश त्या दिवसांत सीझन म्हणून माथेरानवर अडकला होता. तो खाली असता तर त्याने चिंधीला गप्प बसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी वाड्यावाड्यांतली म्हातारी माणसं आली. आमच्या वाडीतून चिंधी आली. सोबत नात मंगळी, माझ्याच शाळेत सहावीत शिकणारी. तोवर प्राचीने आम्हाला बजावलं होतं की आदिवासी पाहुण्यांना मानाने हाक मारायची. आमच्या घरात पाळण्यातल्या पोरापासून सगळे तिला 'ए चिंधे' करायचे. दादा आजही करतो. मी पुढे होऊन म्हणाले, "चिंधीमावशी, या." तिने मागे वळून बघितलं. दुसऱ्या कुणाला तरी बोलावताहेत असं वाटलं तिला.

मग ती हसली आणि म्हणाली, "हर्शाबाय, तू हायस व्हय हितं?" मला हर्शाबाय म्हणणारी दोनच माणसं होती. एक आई, ती सहा वर्षांपूर्वी गेली. बाकी जगाला मी हर्षला मॅडम, नाहीतर नुसती बाई.

तिला खुर्ची दिली तर ती खाली बसली. मग प्राची खाली बसली, मग आम्ही सगळे, आणि रिसॉर्टचा मॅनेजर सतरंज्या शोधत पळत सुटला. चिंधी बोलायला लागली. आयुष्यभर मी तिला 'व्हय' आणि 'नाय' यापलीकडे फारसं बोलताना ऐकलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती चिंबोऱ्या कुठल्या दगडाखाली असतात ते बोलली, कडू करांद्यांचे कंद राखेच्या पाण्यात किती वेळ ठेवायचे ते बोलली, आणि वाडीत माणूस मेलं की काय करतात तेही बोलली. तो भाग मी शब्द न् शब्द उतरवून घेतला.

"मानूस गेलं का ते घर त्याचं," ती म्हणाली. "आपन तितं ऱ्हाऊन त्याला आडवं येयाचं नाय. चुलीचे तीन दगड उपडे करायचे. मंग त्याला कळतं, हितं आता भाकर नाय. तो त्याच्या वाटंनी जातो, आमी आमच्या. कूड, वासे काडायचे आनि जरा पल्याड घर बांदायचं. एकटं घर ठेवायचं नाय, म्हनून हळूहळू बाकीचीबी येतात."

प्राचीने तिला घरातल्या जुन्या माणसांची नावं विचारली, वंशावळ काढायची होती म्हणून. चिंधी नावं सांगेना. माझा थोरला, मंगळीचा आजा, माझी सासू, असंच म्हणत राहिली. मला वाटलं लाजते आहे. मी जरा जोरातच म्हटलं की मावशी, नाव सांगायला काय झालं. तेव्हा तिने समजावलं की गेलेल्याचं नाव त्यांच्या वाडीत कुणी घेत नाही. नाव घेतलं की तो मागे वळून बघतो, आणि जाणाऱ्याला वळवू नये. आपलं माणूस होतं म्हणूनच त्याला सोडायचं. जो परत यायचा नाही त्याचं नाव तोंडात आणायचं नाही. पुढे संस्थेने या तीन दिवसांची पुस्तिका काढली, तिच्या सतराव्या पानावर हे छापलं, आणि प्रकाशनाच्या वेळी प्राचीने तेच पान वाचून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी तक्ता करायचा होता. साल, ठिकाण, कारण, अशा तीन रकान्यांचा मोठा कागद भिंतीवर लावलेला. वाडीचा इतिहासही इतिहासच असतो, राजेरजवाड्यांच्या सनावळ्या असतात तशा यांच्याही हव्यात, असं प्राची म्हणाली, आणि मला ते इतकं पटलं की मी लगेच खडू घेतल्यासारखा मार्कर घेऊन उठले. ठिकाणं सोपी होती. आधी वाडी व्हाळाच्या काठी, मग टेपाडाखाली, मग आत्ता आहे तिथे, माळावर. तिन्ही जागा आमच्याच जमिनीत. व्हाळाशी कोंबडा आरवला तर माळावर जाग येईल, इतक्या जवळ. कारणंही होती: मुलगा गेला, सासू गेली. अडलं ते साल.

सालं चिंधीकडे नव्हतीच. सासू गेली ते साल कुठलं म्हटल्यावर ती म्हणाली, "तुमच्या दारच्या आंब्याला पयला मोहर आला ना, त्या साली. तुजी आय सांजच्याला मोहर दाखवाया घेऊन गेलेली मला."

तो आंबा आईने मी अलिबागला डी.एड.ला गेले त्या पावसाळ्यात लावला होता. कलम होतं. मोहर पहिल्यांदा आला तेव्हा मी घरी नव्हते, मला ठाऊक नव्हतं. मी मनात हिशेब केला की कलम पाच वर्षांनी धरतं, आणि त्याप्रमाणे साल घातलं. ते साल मी इथे लिहीत नाही. सालं लिहिण्याची माझी हौस फिटली आहे. पण तेव्हा लिहिलं, आणि पुढे 'अंदाजे' असं लिहिलं. हे खरंच लिहिलं होतं. माझ्या वहीत अजून आहे.

पुस्तिकेसाठी सगळं स्वच्छ लिहून काढताना मी तो शब्द खोडला. प्राचीने नाही, मीच. माझ्या पोरांच्या उत्तरपत्रिकेत 'अंदाजे' आलं की मी लाल पेनने गोल करते आणि विचारते, अभ्यास केला होता की अंदाज? तक्त्यात तो शब्द फार ओशाळवाणा दिसत होता. म्हटलं, पहिल्यांदा कुणी या लोकांचा इतिहास लिहितंय, तर तो ठणठणीत दिसू दे.

पुस्तिका ऑगस्टमध्ये छापून आली. मुखपृष्ठावर चिंधीचे हात, आत शेवटच्या पानावर 'संकलन' म्हणून माझं नाव. गणपतीला माहेरी गेले तेव्हा एक प्रत दादाला दिली. त्याला लाज वाटावी, एवढाच माझा हेतू होता. मला वाटलं होतं की कप, कोनाडा, आजीचा मार हे सगळं छापलेलं दिसलं की तो माळाचा सौदा मोडेल. सिनेमात असतं तसं काहीतरी मी डोळ्यांपुढे आणलं असावं. दादाने माझं लिहिलेलं आजवर काहीच वाचलं नव्हतं. पाचवीत बक्षीस मिळालेला निबंधही नाही. ही पुस्तिका त्याने दोन दिवसांत वाचली. विसर्जनाच्या दिवशी मला म्हणाला, "झकास लिवलंयस गं. सगळं कसं रीतसर." मी खूश झाले. किती मूर्ख असावं माणसाने.

नोव्हेंबरात निलेश शाळेत आला. मधल्या सुट्टीत बाहेर नळापाशी उभा राहिला, मी आत बोलावलं तरी येईना. दादाच्या वकिलाने पुस्तिका कचेरीत दाखल केली होती. वाडीनेच आपल्या तोंडाने सांगितलंय की आम्ही अमुक साली या जागेवर आलो, आणि ते साल कायद्यातल्या सालाच्या दोन वर्षं पुढचं आहे. आधीच्या जागांवर आता भात होतं, तिथे घराची खूणही नाही. म्हणजे अर्ज फेटाळा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. निलेश शांतपणे सांगत होता. त्याने मला दोष दिला असता तर मी भांडले तरी असते.

"बाई, तुमाला साक्षीला बोलावतील," तो म्हणाला. "तुमी एवडंच सांगा, साल तुमी अंदाजानं घातलं. ते खरंच हाय ना? आजीला कुटं साल कळतं. खोटं काय बोलाया नको."

मी त्याला शब्द दिला. वही शोधून काढली, त्या पानावर खूण घातली आणि पिशवीत ठेवली. रात्री नीट झोपले. सांगायचं होतं ते खरंच होतं आणि ते सांगायला चार शब्द पुरे होते.

सुनावणी फेब्रुवारीत झाली. खोली छोटी, पंखा नाही, टाइप करणारा पोरगा सर्दीने बेजार. साहेब बरे होते, कुणाचा अपमान करत नव्हते. दादा पहिल्या बाकावर, मला बघून त्याने बाजूला सरकून जागा केली. आपली बहीण आली तर जागा करायची, हे त्याच्या हाडातच आहे. मी तिथे बसले नाही. चिंधी, निलेश आणि वाडीतले आठदहाजण दाराशी उभे होते. चिंधीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं.

दादाचा वकील माणूस गोड होता. मॅडम, मॅडम करत होता. ही पुस्तिका तुम्ही संकलित केली का, हो. हा तक्ता तुमच्या हातचा का, हो. आजींनी सांगितलेलं तुम्ही बदललं का, नाही. माझ्या भाषेचं त्याने कौतुक केलं. एवढी शुद्ध मराठी हल्ली वाचायला मिळत नाही, असं तो साहेबांना म्हणाला. आणि मला ते आवडलं. त्या खोलीत, त्या वेळी, मला ते आवडलं.

मग तो म्हणाला की समोरची बाजू म्हणते हे साल अंदाजाने टाकलेलं आहे. आणि हसत म्हणाला, "मॅडम, तुम्ही इतिहास शिकवता. मुलांनाही सनावळ्या अशाच अंदाजपंचे सांगता का?"

मागे कुणीतरी हसलं. दादाच असावा, नक्की सांगता येत नाही. पण ते हसणं मी ओळखत होते. मी पाचवीत असताना वर्गापुढे चुकले तेव्हा ऐकलेलं, सासरी पहिल्यांदा भाकरी करपली तेव्हा ऐकलेलं, मुख्याध्यापकपदासाठी मला डावललं त्या बैठकीत ऐकलेलं. माझं डोकं फिरलं. पिशवीत वही होती, खूण घातलेली. माझा हात पिशवीवरच होता.

मी म्हणाले, "मी अंदाजाने लिहीत नाही."

टाइप करणाऱ्या पोराने ते टाइप केलं. वकील म्हणाला, आभारी आहे मॅडम, आणि खाली बसला. मला वाटलं निलेशचा वकील उठेल, उलट विचारेल, तेव्हा सांगू. पण त्यांचा वकील फुकट मिळालेला, त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकलेला होता, आणि बदली आलेल्या पोरीला माझी वही माहीतच नव्हती. साहेबांनी विचारलं, अजून काही सांगायचंय का? मी दाराकडे बघितलं. निलेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. आत्ताच चारचौघांत ठासून बोललेलं परत कसं गिळायचं, हे मला जमेना. मी नाही म्हटलं आणि कागदावर सही केली. सही सुरेख आली.

बाहेर जिन्यावर चिंधीने माझा हात धरला. आत काय झालं ते तिला कळलं नव्हतं. आमची ती कचेरीतली मराठी तिला कुठून कळणार. "झालं, हर्शाबाय?" तिने विचारलं. "चांगलं सांगितलंस नव्हं?"

मी हो म्हटलं.

महिन्याभराने निकाल लागला. दादाचा फोन आला. "तुज्यामुळं झालं गं," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. वहिनीने मागून विचारलं, अक्षय तृतीयेला येतेस ना. मी फोन ठेवला आणि पाचवी अ च्या वह्या तपासत बसले. दुसरं काय करायचं ते कळलं नाही.

वाडीला पावसाआधी जागा सोडायची होती. घरं पाडायला मशीन अमुक तारखेला येणार असं दादाने कळवलं होतं. त्या दिवशी मी रजा टाकून सकाळीच माळावर गेले. काय करणार होते? मशीनपुढे आडवी पडणार होते, असं आता म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन गेले होते. दादा आणि मशीनवाला माळाच्या कडेला चहा पीत उभे होते. माळावर घरं नव्हती. वासे नव्हते, कूड नव्हता, कौलं नव्हती. लोक आदल्या दिवशीच सगळं उचलून गेले होते. दादा खुशीत होता. म्हणाला, बघ, काय तंटा नाय, बखेडा नाय, आपनहून गेली बिचारी.

मी आत चालत गेले. सारवलेल्या जमिनी उघड्या पडल्या होत्या, चौदा. प्रत्येक जमिनीवर चुलीच्या जागी तीन दगड उपडे घातलेले. काळी बाजू खाली, मातीची बाजू वर. वाडीत त्या महिन्यात कुणीच मेलं नव्हतं. मला ते माहीत होतं. हजेरीवरून मला वाडीतलं सगळं कळतं. दादा मागून आला आणि एक दगड पायाने बाजूला सारून म्हणाला की हे कशाला सोडलेत, घेऊन तरी जायचे. त्याने पुस्तिका वाचली होती. त्यातलं त्याला जेवढं हवं होतं तेवढंच राहिलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मंगळी आली नाही. आठवीच्या पटावर नाव होतं, पुढे गैरहजेरी. मी आठवडाभर थांबले. त्याच सुमारास शाळेच्या आवारात लावायला रोपं आणली, तर नर्सरीवाल्याला मी सहज म्हणून विचारलं की कलमाला पहिला मोहर कधी येतो. तो म्हणाला, "मोहर काय, तिसऱ्या वर्षीपण येतो. आम्ही खुडून टाकतो म्हणून पाचव्या वर्षी फळ धरतं." आईने काही खुडलं नसणार. तिला पहिला मोहर चिंधीला दाखवायचा होता. पाचातून तीन गेले की दोन राहतात. कायद्याच्या आतलं साल होतं ते. मी रोपं तशीच टाकून मुतारीमागे जाऊन उभी राहिले, बराच वेळ.

निलेशला फोन केला. धाप लागल्यासारखं सगळं सांगितलं. आंबा, मोहर, वही, वरती अपील करता येईल, मी येते, आता बरोबर सांगते. तो ऐकत होता. मागे कुणीतरी दोन मसाला चहा मागत होतं. "अपील करता येतं, बाई," तो म्हणाला. "पन तितं ऱ्हातोय असं दाखवाया वाडी लागते. वाडी हाय कुटं?" दोन घरं पेणच्या बाजूला गेली होती, तीन कुठे तरी भट्टीवाल्याच्या शेडमध्ये, चिंधी खालापूरकडे. त्याने पत्ता दिला. रागावला नव्हता. मला वाटलं, रागवायलाही समोरच्याकडून थोडी आशा लागते.

खालापूरच्या पुढे एका गोदामाच्या कुंपणाला लागून प्लास्टिकची चार खोपटी होती. मी मंगळीसाठी दप्तर, नवी पुस्तकं आणि माझी ती वही घेऊन गेले. वही कशाला घेतली होती, कुणास ठाऊक. चिंधी चुलीपुढे बसून भाजीसाठी रानातली शेवळं निवडत होती. चूल म्हणजे तीन तुटक्या विटा. मी समोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. कचेरीत काय बोलले ते. जिन्यावर तिला हो म्हटलं ते खोटं होतं, ते. रडले नाही. तेवढी अक्कल मला आली होती. मग म्हणाले, "चिंधीमावशी, मी हर्षला. माझ्याकडे बघा तरी."

तिने बघितलं. डोळ्यांत काही नव्हतं, चीड नव्हती, काहीच. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीकडे बघावं तसं बघितलं. मग मंगळीला म्हणाली, "त्या बाईंना पानी दे." आणि पुन्हा शेवळं निवडायला लागली.

मंगळीने स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. मी प्यायले आणि पेला विसळून कुंपणाच्या दगडावर ठेवला. हात आपोआप गेला. मंगळी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. शाळेत येणार नाही म्हणाली, कंपनीच्या कँटीनला भांडी घासायला जाते. पुस्तकं घेतली नाहीत, दप्तर घेतलं. टेंपो थांबायची वाट बघत उभ्या होतो तेव्हा मी विचारलं, आजी माझ्यावर फार चिडली आहे का गं?

"चिडली नाय, बाई," मंगळी म्हणाली. "तुमचं नाव नाय घेत आता. आमालाबी घेऊ देत नाय."

मी का म्हणून विचारलं नाही. सतराव्या पानावर ते आहे, माझ्याच शब्दांत.